अब्बांची फाइल आणि भाच्याची मतं



या महिन्याचा विषय संगणकाचा आहे म्हणून पान उलटू नका. मी काही संगणकाची शिक्षिका नाही. उर्दू आणि मराठी शिकवणारी बाई आहे आणि मोबाइलमध्ये काही अडलं की आजही वर्गातल्या मुलींना विचारते. पण यंदा ईदच्या आधी घर आवरताना जे हाती लागलं, त्यानं मला चार रात्री जागवलं. ते तुम्हाला सांगायलाच हवं.

आमच्या डिंगोऱ्याच्या घरी माळ्यावर अब्बांची लोखंडी पेटी आहे. अब्बांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते प्राथमिक शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर, २००३ च्या सुमारास, त्यांना लिहिण्याचा नाद लागला. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली माणसं, सुकडीच्या रांगा, माळशेज घाटातला पाऊस, मोहरमच्या डोल्यांपुढं नाचणारी सगळ्या जातींची पोरं, विहिरींची नावं, कुणाच्या लग्नात कुणी काय खाल्लं, असं सगळं ते वह्यांमध्ये लिहीत. मग एका टायपिंगच्या दुकानात रोज संध्याकाळी जाऊन बसत आणि दोन बोटांनी स्वतः टाइप करत. घरी येऊन सांगत, “आज सव्वा पान झालं.” वह्या पुढं एका पावसाळ्यात भिजून गेल्या. आम्ही म्हणायचो, जाऊ दे, अब्बांनी कॉम्प्युटरमध्ये घातलंय ना, आहे ते सुरक्षित.

पेटीत एक सीडी निघाली. वर अब्बांच्या हातचं: ‘आठवणी, मराठी, १४० पाने’. खाली एक फ्लॉपी: ‘उर्दू, ३० सफे’.

मी शाळेतल्या संगणकावर सीडी लावली. फाइल उघडली आणि धस्स झालं. मराठीचं एक अक्षर दिसेना. इंग्रजी अक्षरं, डॉलरची चिन्हं, टोप्या, ठिपके, कंस. एकशे चाळीस पानं नुसता कचरा. मला वाटलं, फाइल सडली.

माझ्या भावाचा मुलगा पुण्याला हिंजवडीत प्रोग्रॅमर आहे. तो ईदला आला. शीरखुर्म्याची वाटी हातात देतानाच मी सीडी पुढं केली. (आमच्या घरात आम्ही दख्खनी बोलतो, इथं सोयीसाठी मराठीत लिहिते.) तो हसला. “फुफी, फाइल सडली नाही. ती शाबूत आहे. तिची किल्ली हरवलीय.”

पुढचे चार दिवस तो घरी होता. काम करता करता त्यानं बरीच मतं ऐकवली. प्रोग्रॅमर लोकांना सगळ्या गोष्टींवर मत असतं, हे मला तेव्हाच कळलं. त्यातली काही मी ऐकून सोडून दिली, काही लिहून ठेवली. लिहून ठेवलेली सांगते.

पहिली अडचण यंत्राचीच होती. त्याच्या नव्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाही. शाळेतला संगणक सुट्टीत बंद. घरात माझा जुना लॅपटॉप होता, त्याला सीडीची खाच आहे, पण तो सुरू व्हायलाच पंधरा मिनिटं घेई. मी तो भंगारवाल्याला द्यायचा ठरवलं होतं.

भाचा म्हणाला, “लॅपटॉप म्हातारा झालेला नाही. त्याच्या डोक्यावरचं ओझं वाढलंय.” त्यानं एक पेन ड्राइव्ह लावला आणि त्यावरून लिनक्स सुरू केलं. तीन मिनिटांत पडदा उजळला.

लिनक्स हे नाव मी ऐकून होते, म्हणजे काय ते माहीत नव्हतं. यंत्र सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत त्याचा सगळा कारभार बघणारा जो मूळ प्रोग्रॅम, ती ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज ही त्यातली एक. लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं १९९१ साली लिहायला घेतला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला. कुणीही घ्यावा, वाचावा, बदलावा. त्यात जगभरच्या लोकांनी भर घातली. आज जगातले पहिले पाचशे महासंगणक त्याच्यावरच चालतात. आणि ज्या अँड्रॉइड फोनवर तुम्ही अजानची वेळ बघता, त्याच्या पोटातही तोच गाभा आहे. म्हणजे लिनक्स वापरत नाही असं घर आपल्याकडं क्वचितच असेल. फक्त आपल्याला ठाऊक नसतं.

मी विचारलं, “मग सगळ्यांनी हेच का घेऊ नये?”

“असं मी म्हणत नाही,” तो म्हणाला. “आमच्यातले काही जण ऑपरेटिंग सिस्टिमवरून बांधावरच्या भावकीसारखे भांडतात. मला त्यात रस नाही. अकाउंटचं, सरकारी कामाचं काही सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, तिथं विंडोज लागणारच. विळी आणि कोयता दोन्ही घरात असतात. पण यंत्र बदलायची गरज नसताना केवळ कुणी ‘जुनं झालं’ म्हणतं म्हणून पैसे टाकू नका. आधी विचारा, याच्यावर दुसरं काही चालेल का?”

ज्यांच्या घरी विंडोज १० आहे त्यांच्यासाठी त्यानं एक गोष्ट मुद्दाम सांगितली. त्या आवृत्तीला मिळणारं नेहमीचं मोफत साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं. संगणक त्या दिवशी बंद पडला नाही, चालतोच आहे. पण सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या नेहमीप्रमाणे आपोआप येत नाहीत. अशा यंत्रावर बँकेचं काम करण्याआधी जाणत्या माणसाला विचारावं. आणि लिनक्स बघायचंच असेल तर आधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येतं, यंत्रातलं काही पुसावं लागत नाही.

लॅपटॉप सुरू झाला, सीडी फिरली, फाइल उघडली. कचरा तसाच. आता किल्लीची गोष्ट.

भाच्यानं मला समजावलं ते मी तुम्हाला माझ्या पद्धतीनं, फळ्यावर सांगावं तसं सांगते.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. इंग्रजी ‘ए’ हे कॅपिटल अक्षर त्याच्या लेखी ६५ आहे. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर, हे सगळ्यांनी मिळून ठरवावं लागतं. इंग्रजीसाठी ते लवकर ठरलं. मराठीसाठी जो तो आपापलं ठरवत राहिला. त्या काळच्या पुष्कळ मराठी फॉन्टांनी एक युक्ती केली. आकडा इंग्रजी अक्षराचाच ठेवायचा, पण त्या जागी चित्र मराठी अक्षराचं काढायचं. म्हणजे अब्बांनी पडद्यावर मराठी वाचलं, पण यंत्रानं साठवली इंग्रजी अक्षरं. जोवर तो फॉन्ट संगणकात आहे तोवर सगळं ठीक. फॉन्ट गेला की बुरखा उतरला आणि खालचे आकडे दिसायला लागले. दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टमध्ये उघडलं तर आणखी वेगळाच गोंधळ, कारण तिथं त्याच आकड्याला दुसरं चित्र.

यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. त्या काळी एका फॉन्टमध्ये जेमतेम अडीचशे जागा असत आणि आपली जोडाक्षरं शेकडो. जागा पुरवायच्या कशा, हा प्रश्नच होता. आपल्या पुण्यातच १९८८ साली सी-डॅक ही सरकारी संस्था सुरू झाली आणि भारतीय भाषा संगणकावर आणण्याचं मोठं काम तिथं झालं. ‘इस्की’ नावाचं भारतीय लिप्यांचं मानक तयार झालं. १९९१ साली जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी युनिकोड हे एकच मानक आलं आणि त्यातल्या देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली गेली. युनिकोडमध्ये क म्हणजे २३२५. पुण्यात, दुबईत, फोनवर, संगणकावर, कुठल्याही कंपनीच्या यंत्रात २३२५ म्हणजे क आणि क म्हणजे २३२५. आज आपण व्हॉट्सॲपवर मराठी लिहितो आणि समोरच्याला ते मराठीच दिसतं, ते यामुळं.

पण अब्बा त्या दुकानात बसत तेव्हा छपाईच्या धंद्यात जुनेच फॉन्ट चालत. अब्बांना हे कोण सांगणार?

इथं भाच्यानं त्याचं पहिलं मोठं मत सांगितलं. “फुफी, मी सॉफ्टवेअर चांगलं की वाईट हे त्याच्या देखणेपणावरून ठरवत नाही. एकच गोष्ट बघतो. यात घातलेलं मला हवं तेव्हा बाहेर काढता येईल का? आणि बाहेर काढलेलं दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडेल का? दोन्हीचं उत्तर हो असेल तर ते सॉफ्टवेअर माझं. नाहीतर मी त्याचा.”

मी हे वाक्य वहीत उतरवून घेतलं.

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे प्रोग्रॅम लोकांनी लिहून ठेवले आहेत, बरेचसे मोफत. फॉन्टचं नाव कळलं की काम सोपं होतं. नाव फाइलमध्येच सापडलं. भाच्यानं एकशे चाळीस पानं प्रोग्रॅमला दिली आणि मी पाणी प्यायला उठून येईपर्यंत पडद्यावर मराठी आलं होतं. पहिलं वाक्य वाचलं आणि मला पुढचं दिसेना. अब्बांचा आवाजच ऐकू आला. भाचा काही बोलला नाही. उठून चहा ठेवायला गेला.

पण मी शेवटी मास्तरीण. डोळे पुसल्यावर चुका दिसायला लागल्या.

पहिली चूक वेलांटीची. जुन्या फॉन्टमध्ये ‘कि’ टाइप करताना वेलांटी आधी आणि क नंतर, जशी कागदावर दिसते तशी. युनिकोडमध्ये क आधी आणि वेलांटी नंतर, जसं आपण बोलतो तसं. प्रोग्रॅमला प्रत्येक ठिकाणी ही अदलाबदल करावी लागते. जोडाक्षर आलं की त्याचं चुकतं आणि वेलांटी शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसते. रफाराचंही तेच.

दुसरी चूक मात्र आपली खास मराठी. मराठीत ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन वेगळे शब्द. दर्या म्हणजे समुद्र, आपण उर्दूतही वापरतो. दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. एकात र डोक्यावर बसतो, दुसऱ्यात तो आडव्या छोट्या रेघेसारखा य ला चिकटतो. मी वर्गात हा फरक पाचवीपासून शिकवते. युनिकोडमध्ये त्यासाठी वेगळा ऱ आहे. र २३५२ वर आणि ऱ त्याच्या शेजारी २३५३ वर. त्या प्रोग्रॅमनं सगळीकडं साधा र घातला होता. त्यामुळं अब्बांच्या लेखात माळशेजच्या दऱ्यांत धुकं उतरायच्या ऐवजी माळशेजच्या दर्यांत उतरत होतं. मी आणि भाचा खूप हसलो. घाटात समुद्र आणला अब्बांनी! मग पुढच्या ओळीवर माझं हसू थांबलं. ‘डिंगोर्यात’ असं लिहिलं होतं. आमच्या गावाचं नावच धडपणे लिहिता येत नव्हतं त्या यंत्राला.

भाच्यानं एका सूचनेत काही शब्द सगळीकडं बदलून टाकले. पण सगळे बदलता येत नाहीत, कारण अब्बांनी एका ठिकाणी मुंबईचा खरा दर्याही लिहिलेला आहे. तिथं तो बदलला असता तर मुंबईत दऱ्या आल्या असत्या. “हे प्रोग्रॅमला कळणार नाही,” भाचा म्हणाला. “इथं वाचणारा माणूस लागतो.” म्हणून मी चार रात्री तरावीहच्या सवयीनं जागी राहिले आणि एकशे चाळीस पानं ओळीओळीनं वाचली. ज्या भगिनी मोबाइलवर मराठी लिहितात त्यांच्यासाठी सांगते: ऱ्या लिहायला आधी ऱ घ्यायचा, मग पाय मोडायचं चिन्ह, मग या. बहुतेक फोनमध्ये र दाबून धरला की ऱ मिळतो. मुलांना दाखवा. आपल्या ताऱ्या-वाऱ्यांची, नवऱ्याची आणि घोवऱ्यांची अब्रू त्याच्यावर आहे.

याच दिवसांत एक प्रसंग घडला. तो सांगते, कारण भाच्याचं दुसरं मत त्यातून निघालं.

रात्री दहाच्या सुमारास मोहल्ल्याच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. बिबट्या रस्त्यात एका मुलाच्या मागे. खाली मजकूर: आत्ता, डिंगोरे-ओतूर रस्ता, मुलांना बाहेर सोडू नका. आमच्या जुन्नर तालुक्यात बिबट्या ही थट्टेची गोष्ट नाही. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, उसात त्यांची पिल्लं सापडतात, माणसंही मेली आहेत. माझं बोट पुढं पाठवायच्या बाणावर गेलंच होतं. भाच्यानं फोन मागितला. “फुफी, रस्त्याकडेची पाटी बघा.” पाटी मराठीत नव्हतीच. दक्षिणेकडच्या कुठल्या तरी लिपीत होती. मी लिपी शिकवणारी बाई, आणि भीतीपोटी मला लिपी दिसली नाही.

तो म्हणाला, “आत घातलेलं बाहेर काढता आलं पाहिजे, हे मी सांगितलं. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. बाहेर पाठवलेलं परत आत घेता येत नाही. तुमच्या फोनवरून पुसाल, पण दोनशे फोनांवरून नाही.”

मग त्यानं राईनपाड्याची आठवण काढली. तुमच्याही लक्षात असेल. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातला राईनपाडा. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, पोटासाठी गावोगाव भिक्षा मागत फिरणारे. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा त्या दिवसांत फोनवरून पसरल्या होत्या. आठवडे बाजारातल्या जमावानं त्या पाचांना मारून टाकलं. अफवा पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांना वाटलं असेल, आपण लेकरांची काळजीच करतोय. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढच्या वर्षी ती जगभर लागू झाली.

“बघा,” भाचा म्हणाला, “पाच ही संख्या आकाशातून पडली नाही. कुणीतरी खोलीत बसून ठरवली. त्याआधी ती संख्या मोठी होती, तीही कुणीतरीच ठरवली होती. सॉफ्टवेअर म्हणजे कुणीतरी घेतलेले निर्णय. बाण बोटाखाली ठेवायचा की दोन पायऱ्या आत, हाही निर्णय. मी स्वतः असे निर्णय लिहितो, म्हणून सांगतो. यंत्रानं सोपं केलं म्हणजे ते करणं बरोबर, असं नसतं.”

मला वाटलं, ही गोष्ट आपल्याला नवी कुठं आहे? बातमी आली की आधी खातरजमा करा, नाहीतर अजाणतेपणी कुणावर अन्याय कराल आणि पस्तावाल, ही ताकीद सूरह हुजुरातमध्ये आहे. आपण ती जुमा-दर-जुमा ऐकतो आणि रात्री दहा वाजता विसरतो. त्या रात्री मी ग्रुपवर लिहिलं: ‘हा व्हिडिओ आपल्याकडचा नाही, पाटी बघा. बिबट्या खरंच दिसला तर वनविभागाला कळवा.’ दोघांनी अंगठा दाखवला, एकानं मला शहाणी म्हटलं. चालायचंच.

आता फ्लॉपी. ‘उर्दू, ३० सफे’.

फ्लॉपी वाचणारं यंत्र भाच्यानं पुण्याहून एका मित्राकडून मागवलं. पण फ्लॉपीच्या चकतीवर बुरशी चढली होती. काही केल्या वाचली गेली नाही. मराठीच्या फाइलची किल्ली हरवली होती. इथं तिजोरीच गंजली होती. त्यानं हात टेकले. “माफ करा फुफी. हे गेलं.”

मी पेटी पुन्हा उपसली. तळाला वर्तमानपत्र अंथरलं होतं. त्याखाली एका पाकिटात छापलेले कागद निघाले. पूर्ण तीस नाहीत, एकोणीस सफे. अब्बांनी तपासण्यासाठी छापून घेतले असावेत. समासात त्यांच्या हातच्या दुरुस्त्या होत्या. कागद पिवळा पडलेला, पण अक्षर न अक्षर स्पष्ट. सुंदर नस्तालीक.

उर्दूची गोष्ट मराठीहून अवघड होती, हे इथं सांगायला हवं. नस्तालीकमध्ये शब्द तिरका उतरतो, अक्षराचं रूप शेजाऱ्यावर ठरतं. म्हणून इंग्रजी-मराठी वर्तमानपत्रं खिळ्यांवर छापली जात होती तेव्हाही उर्दू दैनिकं कातिब हातानं लिहीत. चेन्नईचं ‘मुसलमान’ हे १९२७ पासूनचं दैनिक तर एकविसाव्या शतकातही हातानंच लिहिलं जाई. पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडरूपं एकेक करून काढली, त्यातून नूरी नस्तालीक झालं आणि १९८१ साली लाहोरचं ‘जंग’ त्यात छापलं गेलं. संगणकावर उर्दू आली ती या मेहनतीच्या पाठीवर. आज आपल्या फोनमध्ये फुकट नस्तालीक फॉन्ट मिळतो, त्याच्यामागं कातिबांच्या किती पिढ्यांची बोटं झिजली आहेत!

मी कागद भाच्याच्या हातात दिले. त्यानं उलटसुलट करून पाहिले आणि गप्प बसला.

“काय झालं?”

“फुफी, मला हे वाचता येत नाही.”

मला माहीत होतं. तो इंग्रजी शाळेत गेला. लहानपणी नाजरा कुरआन झालं, अरबी अक्षरं ओळखीची आहेत; पण नुक्त्यांची आणि जोडांची धावती उर्दू त्याला येत नाही. आम्हीच शिकवली नाही. अभ्यासाचा भार, गणिताचा क्लास, नंतर बघू म्हणत राहिलो. मी इतरांची मुलं शिकवत राहिले आणि घरातलं राहून गेलं. जो मुलगा कुठलीही बंद फाइल उघडतो, त्याच्या हातात दादांची उघडी पानं होती आणि ती त्याच्यासाठी बंदच होती. कुठलाही फॉन्ट लागत नव्हता, वीज लागत नव्हती. फक्त वाचणारा हवा होता.

त्या दुपारी मी ओसरीवर बसून त्याला ते एकोणीस सफे वाचून दाखवले. त्यात अब्बांनी आपल्या वडिलांबद्दल लिहिलं होतं. भाच्यानं माझा आवाज फोनवर रेकॉर्ड केला. दोनदा थांबवून शब्दाचा अर्थ विचारला. एकदा म्हणाला, “पुन्हा वाचा.” पुन्हा वाचलं.

वाचून झाल्यावर त्यानं पानांचे फोटो काढले. आता आम्ही ठरवलंय. दर रविवारी रात्री नऊ वाजता तो व्हिडिओ कॉल करतो. एक पान समोर धरायचं, तो वाचतो, मी दुरुस्त करते. वाचलेलं तो युनिकोड उर्दूत टाइप करतो. पहिल्या रविवारी पाच ओळी झाल्या. मागच्या रविवारी अकरा. उरलेले अकरा सफे गेले ते गेलेच. त्यांचं दुःख आहे. त्यात काय होतं, हे सांगायला आता कुणी नाही.

जाता जाता भाच्यानं घरातल्या सगळ्यांना बसवून जे सांगितलं, ते तुमच्यासाठी थोडक्यात:

– मराठी असो वा उर्दू, युनिकोडमध्येच लिहा. कुठं काही छापायला दिलंत तर पीडीएफबरोबर युनिकोडमधला मूळ मजकूरही मागून घ्या.

– महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी. एकाच फोनमध्ये असलेली गोष्ट म्हणजे नसलेलीच.

– घरातल्या वडीलधाऱ्यांचे व्हॉइस मेसेज चॅटमध्येच पडून असतात. ते चॅट एक्स्पोर्ट करून बाहेर काढून ठेवा. फोन हरवल्यावर रडण्यात अर्थ नाही.

– फोटोंना नावं आणि साल द्या. पन्नास वर्षांनी चेहरा राहील, ओळख राहणार नाही.

– फोनचा पिन आणि ई-मेलची चावी घरातल्या एका भरवशाच्या माणसाला ठाऊक असू द्या. बाहेरच्या कुणालाही, बँकेचा म्हणवणाऱ्यालाही नाही. गुगलचं खातं दोन वर्षं वापरलं नाही तर ते पुसलं जाऊ शकतं, हेही लक्षात ठेवा.

– आणि जे फारच मोलाचं आहे ते छापून ठेवा. प्रोग्रॅमर असून त्यानं हे सांगितलं, हे विशेष.

या यादीत मी माझी एक भर घालते. तुमच्या घरात कुणाच्या हातचं उर्दू लिहिलेलं असेल, जुनं पत्र, निकाहनाम्यावरची ओळ, मसाल्याची वही, काहीही, तर ते या सुट्टीत मुलांसमोर काढा. त्यांना वाचता येत नसेल तर रागवू नका, चूक त्यांची नाही. रोज एक ओळ वाचून दाखवा आणि दुसऱ्या दिवशी तीच ओळ त्यांच्याकडून वाचून घ्या.

अब्बांच्या मराठी आठवणी छापून आमच्या घरी आल्या आहेत, साध्या कागदावर, दोऱ्यानं शिवलेल्या. पहिल्या पानावर गावाचं नाव मी तीनदा तपासलं. डिंगोऱ्यात. बरोबर आहे.

अल्लाह मरहूमांना मगफिरत देवो आणि त्यांचं लिहिलेलं वाचणारं कुणीतरी प्रत्येक घरात ठेवो. आमीन.